आप्पांचा सनसेट पॉईंट

दगडूआप्पा दारी आलेल्याला पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी विचारायचे, "पॉईंट बघितला का?" पाहुणा सोयरिकीला आलेला असो की मयतीला, त्याला माळाच्या कडेला नेऊन उभं करायचे आणि हात लांब करून शिवार दाखवायचे. शिवारात बाभळी, एक फुटका बांध आणि कोरडा ठणठणीत पाझर तलाव. पाहुणा बिचारा "छान, छान" म्हणून मान हलवायचा. आप्पा गेल्या उन्हाळ्यात गेले. त्यांनी लावलेली 'सनसेट पॉईंट' ही पाटी मात्र अजून उभी आहे.

त्या पॉईंटवरून सूर्यास्त दिसत नाही. पश्चिमेला डोंगर आडवा पडलेला आहे, त्यामुळे दिवस मावळायच्या बऱ्याच आधी सूर्य त्याच्यामागे दडतो. मी गावातल्या शाळेत मास्तर होतो. एकदा न राहवून सांगितलं, की आप्पा, इथून सूर्य उगवताना दिसतो, निदान पाटी तरी बदला. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बदली झाल्यासारखं वाटलं. म्हणाले, "मास्तर, महाबळेश्वरला सनसेटच हाय. मी सोता बघून आलोय. उगवतीला उठतंय कोन?"

हे खूळ त्यांच्या डोक्यात घातलं तालुक्याहून आलेल्या एका साहेबांनी. ग्रामसभेत त्यांनी पर्यटनावर भाषण ठोकलं. पर्यटन हा देशाचा कणा आहे, एका पर्यटकामागे किती हातांना काम मिळतं, रस्ता, पाणी, स्वच्छतागृह सगळं आम्ही बघू, तुम्ही फक्त गावाचं वैशिष्ट्य शोधा आणि पाटी लावा. एवढं बोलून, नारळाचं पाणी पिऊन आणि गळ्यातला हार गाडीत टाकून साहेब गेले ते गेलेच. त्यांनी सांगितलेल्या सगळ्यातली पाटी तेवढी झाली, कारण ती आप्पांनी लावली.

साऱ्या गावाने आप्पांची टवाळी केली, मीही केली. पण आप्पा कशाच्या मागे लागले होते तेही गावाला माहीत होतं. पाथर्डी तालुक्यातली आमची ही बाजू कोरडी. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम 'एक कोयता' म्हणतो, माणसं म्हणून कोणी मोजत नाही. आप्पांच्या घरातला कोयता म्हणजे मुलगा किसन आणि सून मंदा. मंदाचं पहिलं बाळंतपण उसाच्या फडात झालं आणि मूल हाती लागलं नाही. ती पुन्हा पोटुशी होती. आप्पा म्हणायचे, "परेटक आला की किसन्या हितं चहा इकंल. मंग माझी सून फडात जायची न्हाई."

त्या साली त्यांनी मुकादमाला दारातूनच परत पाठवलं. किसनने पॉईंटवर टपरी टाकली. आप्पांनी मोटारींसाठी म्हणून स्वतः खपून माळ सपाट केला. मोटारी देवाला निघालेल्या असायच्या, फाट्यावरून धूळ उडवीत पुढे जायच्या. एक तेवढी रस्ता चुकून आली. आतल्या बाईंनी टॉयलेट कुठं आहे म्हणून विचारलं. आप्पांनी मोठ्या आदराने बाभळीकडे बोट केलं. बाईंनी काच वर केली. हे मी शाळेत रंगवून सांगायचो.

मंदाला मुलगी झाली, तालुक्याच्या दवाखान्यात, खाटेवर. आप्पा पेढे घेऊन शाळेत आले. "एवढा तरी फायदा झाला का न्हाई परेटनाचा?" त्यांनी विचारलं. मी आणखी एक पेढा उचलला.

टपरी काही चालली नाही. पुढच्या दसऱ्यानंतर मुकादमाचा ट्रक पुन्हा गावात आला आणि थेट पॉईंटवर जाऊन उभा राहिला, कारण गावात तेवढीच जागा सपाट होती. आप्पांनी मोटारींसाठी केलेली. भांडी, शेळ्या, गोधड्या, माणसं, सगळं वर चढलं. किसन चढला. मंदाने पोरगी वर दिली आणि मग ती चढली. आप्पा पाटीला धरून उभे होते. मी शेजारीच होतो.

ट्रक हलतोय तोच एक मोटार आली. शहरातली चार तरुण मंडळी, गळ्यात कॅमेरे. एवढ्या दिवसांत मुद्दाम पॉईंट बघायला आलेले हे पहिलेच. त्यांनी भरलेल्या ट्रकचे भराभर फोटो काढले. एकीला सगळं फारच 'कलरफुल' वाटलं. त्या मंडळींचा मला संताप आला, आणि त्या साहेबाचाही आला. आप्पांचं कशाकडेच लक्ष नव्हतं. ते फाट्याकडे जाणारी धूळ बघत होते.

कॅमेरेवाल्यांपैकी एकाने घड्याळ पाहत अदबीने विचारलं, "आजोबा, इथला सनसेट किती वाजता असतो?"

आप्पांनी मानही वळवली नाही.

"झाला," ते म्हणाले. "आत्ताच झाला."