लिगायाच्या हाताचं वळण

आमच्या पिस्कॅटवेच्या मराठी बायका लिगायाची ओळख करून देताना हमखास म्हणत, "अहो, आपल्यापेक्षा आपली आहे ती!" हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. माणसाला त्याचं सगळं सोडायला लावायचं आणि वर कौतुकानं पाठ थोपटायची, ही आपली खोड मला कधीच आवडली नाही.

लिगाया फिलिपिन्सची, बातांगासजवळच्या एका खेड्यातली. इथे अमेरिकेत नर्स म्हणून आली आणि आमच्या शेजारच्या श्रीरंगशी तिनं लग्न केलं. सुरुवातीची काही वर्षं त्या घरातलं स्वयंपाकघर तिचं होतं. मोजायचे कप-चमचे तिनं विकत घेतलेच नाहीत. मी एकदा विचारलं, "व्हिनेगर किती घातलंस गं?" तर म्हणाली, "पुरे होईल तेवढं." पुढे सांगण्यासारखं काही नव्हतंच. तिच्या आईनं तिला असंच शिकवलं होतं, शेजारी उभं करून.

तिचा खास पदार्थ सिनिगांग. चिंचेच्या आंबट पाण्यात डुकराचं मांस, मुळा, भेंडी, टोमॅटो आणि शेवटी पालेभाजी. मी शाकाहारी, मी चव काय सांगणार कपाळ! पण तिचं करणं बघत बसावंसं वाटायचं. चिंच कोळून घातली की ती पातेल्यावर वाकून वाफ घ्यायची. जबड्याच्या कोपऱ्यात कळ आली की आंबटपणा बरोबर, ही तिच्या आईची खूण. मग डोळे मिटून हसायची.

ऐंशी साली श्रीरंगच्या आई, सुमित्राबाई, कायमच्या राहायला आल्या. बाई दुष्ट नव्हत्या, आवाज चढवून कधी बोलल्या नाहीत. पण घरात मांस शिजलं की त्या दिवसभर पाण्याशिवाय काही घ्यायच्या नाहीत. मग काय, श्रीरंगनं आधी डुक्कर बंद केलं, मग मासे. माशांच्या सॉसची बाटली गॅरेजमध्ये गेली आणि तिथूनच एक दिवस कचऱ्यात. लिगाया आमटी शिकली, भरली वांगी शिकली, पुरणसुद्धा शिकली. तेही अंदाजानंच. सासूबाईंच्या शेजारी उभी राहायची आणि हात बघायची. दोन-तीन वर्षांत तिची आमटी अशी व्हायला लागली की गणपतीच्या जेवणात बायका भांडं चाटूनपुसून रिकामं करायच्या. आणि म्हणायच्या, आपल्यापेक्षा आपली.

शहाऐंशी साली तिची आई गेली. त्याच आठवड्यात सुमित्राबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. श्रीरंग म्हणाला, "आता जाऊन तू काय करणार आहेस?" ती गेली नाही. मला आजही त्या माणसाचा राग येतो.

पुढच्या वर्षी वर्षश्राद्धाला तिनं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. एक दिवस स्वयंपाकघर. तिच्याकडे मेलेल्या माणसासाठी त्याच्या आवडीचं रांधतात, पहिलं ताट फोटोपुढे ठेवतात, आणि ते ठेवेपर्यंत कुणी चव घेत नाही. आपल्या नैवेद्यासारखंच. श्रीरंग "बरं" म्हणाला आणि आईला वेस्ट विंडसरला भाचीकडे सोडायला गेला.

मी सोबतीला गेले. लिगायानं नवीन पातेलं आणलं होतं. मांस शिजत होतं, मी पालेभाजी निवडत होते, ती आईबद्दल बोलत होती. "ताई, मी फ्यूनरलला नव्हते. तिला माझ्या हातचं काहीच नाही मिळालं. आज हे बरोबर झालं पाहिजे, बस." बोलता बोलता तिनं चिंच कोळून घातली. मग ओट्यावरचा डबा उघडला आणि बोटांनी गुळाचा खडा तोडून पातेल्यात टाकला. मला त्यात काही खटकलंच नाही. आमच्या घरात चिंच पडली की गूळ पडणारच.

ती वाफेवर वाकली. थांबली. पुन्हा वाकली.

"कळ येत नाही," ती म्हणाली.

"सर्दी झाली असेल."

तिनं आणखी चिंच घातली, आणि मागोमाग आणखी एक खडा. चाखायची तर सोय नव्हती. शेवटी गॅस बंद केला, ताट वाढलं, फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि तिच्या भाषेत बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिली. उठली तेव्हा चेहरा मोकळा झाला होता. मला फार बरं वाटलं.

जेवायच्या वेळेला श्रीरंग परत आला. भुकेला होता. दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "यार, आज एकदम फर्स्ट क्लास झालंय! पूर्वी कसलं आंबटढाण करायचीस. आज गूळ बरोबर पडलाय बघ. अगदी आईच्या आमटीसारखं."

लिगाया स्वयंपाकघरात आली. डावानं थोडा रस्सा हातावर घेतला आणि चाखला. मग ओट्यावरच्या उघड्या डब्याकडे बघितलं.

"मी घातला?"

"घातलास की. दोनदा." मला अजूनही काय चुकलं ते कळलं नव्हतं.

"आमच्याकडे ह्यात गोड घालत नाहीत, ताई. कधीच नाही." ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. "आईला वाटेल, हे दुसऱ्याच कुणाचं ताट आहे. ती नाही जेवणार."

मी घाईघाईनं म्हणाले, "अगं, त्यात काय एवढं? मांस उरलंय, चिंच आहे. पुन्हा कर. मी डबा उचलून घरी नेते, मग तर झालं?"

तिनं आपले हात पुढे धरले आणि परक्याचे असावेत तसे उलटसुलट करून बघितले.

"डबा न्याल, ताई. हात कुठे नेणार? आईचा अंदाज ह्यात होता. तो गेला. आता विचारायला आईपण नाही."

बाहेरून श्रीरंगनं आणखी भात मागितला. ती वाढायला गेली.