तीर्थाबरोबर घेतलेली गोळी

"बाई, खरं सांगा, गोळी घेता की नाही?" डॉक्टरांनी असं विचारलं तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. थायरॉइडसाठी मी बीडच्या त्या दवाखान्यात दीड-दोन वर्षं जात होते. दर खेपेला रक्त द्यायचं आणि दर खेपेला आकडा खाली यायच्या ऐवजी वर चढलेला निघायचा. मग गोळीचा जोर वाढवायचा. ज्या बाईनं आयुष्यात एक एकादशी चुकवली नाही, ती गोळी चुकवेल का? मी म्हटलं, "देवाशपथ रोज घेते." "उपाशीपोटी?" "उपाशीपोटीच. सकाळी आंघोळ, पूजा, आणि पूजा झाली की लगेच." त्यांनी पुन्हा रिपोर्ट पाहिला, माझी नाडी धरली आणि सांगितलं की ती फार मंद चालते आहे, असंच राहिलं तर हृदयाला धोका आहे. शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांचा चेहरा पार उतरला. नेकनूरला खतांच्या दुकानात दिवसभर शेतकऱ्यांशी थट्टा करणारा माणूस, पण परतीच्या एसटीत रिपोर्टची पिशवी छातीशी धरून बसला.

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, ते या आजाराला चपखल बसतं. ताप नाही, जखम नाही, दाखवायला काहीच नाही. ऐन मे महिन्यात सगळं गाव घामानं भिजलेलं असायचं आणि मी खांद्यावर शाल घेऊन बसायची. भाकरी थापता थापता डुलकी लागायची. कंगव्यात केसांचा पुंजका यायचा. आवाज इतका घोगरा झाला की भजनात पहिली ओळ धरणारी मी, मागे जाऊन नुसते टाळ वाजवायला लागले. वजन मात्र वाढतच होतं. शेजारणी म्हणायच्या, "लई मानवलंय की अंगाला, पोरगं पुण्यातून काय काय पाठवतंय वाटतं!" मी हसायची. त्यांना काय सांगणार, की रात्री अर्ध्याच भाकरीवर उठते. कुणी म्हणालं कोबी बंद करा, कोबी बंद. कुणी म्हणालं सोयाबीन नको, तेही बंद. उपवासाला साबुदाणा सोडून भगर धरली. संध्याकाळी मांजरसुंब्याच्या रस्त्यानं चालायला जायची, तर पहिल्या पुलाशीच पाय जड व्हायचे आणि कठड्यावर बसून परत यायची. ह्यांना सांगायची, "आज मोठी चक्कर झाली." ते ओळखायचे.

आता जे लिहिते आहे ते त्या श्रावणातल्या एका सोमवारापर्यंत मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आमचा मुलगा लहान असताना तापानं फणफणला होता. झटके येत होते, डोळे फिरत होते. दवाखान्याच्या भिंतीवर एका कॅलेंडरात परळीच्या वैजनाथाचं चित्र होतं. त्याच्यासमोर उभी राहून मी नवस बोलले होते, की माझं लेकरू उठलं तर जन्मभर माझ्या दिवसाचा पहिला घोट तुझ्या तीर्थाचा असेल, त्याआधी पाण्याचा थेंबसुद्धा घेणार नाही. इथंच थांबायला हवं होतं. पण आईचं मन, देवाला पक्कं बांधून घ्यायला मी पुढे म्हणाले, "हे मोडलं तर जे दिलंस ते परत घे." लेकरू उठलं. शिकलं, पुण्याला नोकरीला लागलं. आणि मी रोज सकाळी पूजा करून वाटीभर पंचामृताचं तीर्थ घेत राहिले. थायरॉइडची गोळी सुरू झाली तेव्हा मला उलट आनंदच झाला, की आता औषधसुद्धा देवाच्या हातून पोटात जाईल. गुडघ्यांसाठी दिलेली कॅल्शियमची गोळीही मी त्याच घोटाबरोबर घ्यायची. उपाशीपोटी म्हणजे जेवणाआधी, एवढंच मला समजलं होतं. तीर्थ म्हणजे काही खाणं नव्हे, असा माझा हिशेब होता, आणि तो चुकीचा असू शकतो हे स्वप्नातही आलं नाही.

त्या रिपोर्टनंतरच्या श्रावणी सोमवारी आम्ही परळीला गेलो. वैद्यांचा नाथ म्हणून तर त्याचं नाव वैजनाथ. डॉक्टर थकले, आता तूच बघ, असं म्हणायला मी निघाले होते, आणि खरं सांगायचं तर मनात थोडी तक्रारही होती. घरची पूजा त्या दिवशी व्हायची नव्हती, म्हणून देवळात मिळेल त्या तीर्थाबरोबर घ्यायला गोळी पर्समध्ये ठेवली होती. पायऱ्या चढून वर आलो तोवर बाया-बापड्यांची रांग लांबच लांब झालेली. ह्यांना पुरुषांच्या रांगेत जावं लागलं. ऊन चढत होतं, तोंडाला कोरड पडलेली, आणि पाण्याची बाटली ह्यांच्याच पिशवीत. असती तरी मी प्यायले नसते.

माझ्या पुढे एक धिप्पाड बाई होती. जांभळी साडी, गळ्यात ठसठशीत बोरमाळ, आवाज असा की चार रांगांना ऐकू जावा. मांजरसुंब्याला तिचा आणि तिच्या नवऱ्याचा ढाबा आहे, हे तिनं मी न विचारताच सांगून टाकलं. रांग देवळाच्या दारापाशी आली तशी बोलता बोलता ती एकदम थांबली, कपाळावर हात मारला, पिशवीतून डबी काढली, एक बारीक गोळी जिभेवर टाकली आणि बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायली. मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, दर्शनाच्या आधी?"

"थायराड हाय मला, ताई," ती म्हणाली. "उठल्या उठल्या घ्यायची असती. गाडी गाठायच्या नादात इसरले बघा."

मलाही तोच आजार आहे, मी सांगितलं. मग घेतली का, तिनं विचारलं. मी जरा अभिमानानंच म्हणाले की मी तर रोज पंचामृताच्या तीर्थाबरोबर घेते. तिचे डोळे मोठे झाले.

"अवं माय! दुधादह्यासंगं? कावून पण? म्या वरीसभर च्यासंगं घेत हुते, तर लेकीनं माझं डोकं खाल्लं. दुधानं गोळी अंगाला लागतच न्हाई. नुसत्या पान्यासंगं घ्यायची, अन् मंग घंटाभर कायच न्हाई."

पायाखालची जमीन सरकते असं आपण नुसतं म्हणतो, त्या दिवशी ती मला खरोखर सरकल्यासारखी वाटली, बॅरिकेडचा पाइप घट्ट धरावा लागला. इतके दिवस ती गोळी माझ्या पोटात जाऊन वाया जात होती आणि ती वाया घालवत होतं ते माझं तीर्थ. ज्या घोटासाठी मी इतकी वर्षं कोरड्या तोंडानं चुलीपुढे उभी राहिले, तोच घोट मला आतून संपवत होता. मी वर कळसाकडे पाहिलं आणि मनातल्या मनात त्याला अशा शब्दांत बोलले, की ते इथे लिहायला नको. भर श्रावणी सोमवारी, त्याच्याच दारात, मी त्याच्याशी भांडत होते.

ढाबेवाल्या बाईनं आपली बाटली पुढे केली. "घ्या, आत्ताच घ्या. अजून पोट रिकामं हाय न्हवं?" मी नको म्हणून मान हलवली. ती आग्रह करायला लागली तेव्हा, कसं कोण जाणे, इतक्या वर्षांत नवऱ्याला न सांगितलेलं मी त्या अनोळखी बाईला सांगून टाकलं. नवसही सांगितला, आणि त्यापुढचं ते भयंकर वाक्यही. वाटलं, ही आता हसेल. पण ती हसली नाही. रांग दोन पावलं सरकली, आम्हीही सरकलो. मग ती हळू आवाजात बोलली. तिला हळू बोलता येतं हे मला तेव्हाच कळलं.

"ताई, दुसऱ्याची लेकरं वाचावीत म्हनून त्यानं सोता इख पिलंय. त्यो तुमचं लेकरू कावून घीन?"

माझा हात आपोआप गळ्यापाशी गेला. इतकी वर्षं मी ज्याला हात जोडत होते, तो माझ्या मनात कोण होता? माझ्या लेकराच्या मानेवर हात ठेवून बसलेला, सकाळी थेंबभर पाणी चुकून पोटात गेलं तर मान आवळणारा कुणीतरी. असा देव मी माझ्याच भीतीतून घडवला होता आणि त्याला वैजनाथाचं नाव दिलं होतं. हे कळलं आणि मी हबकूनच गेले. तरी हात पुढे होईना. शेवटी मी डोळे मिटून म्हणाले, "तू जसा असशील तसा अस. मी पाणी पिते." पर्समधली गोळी जिभेवर ठेवली आणि तिच्या बाटलीतून प्यायले. पाणी कोमट होतं, बाटलीचा वास येत होता.

घोट घशाखाली उतरला असेल-नसेल, तोच पर्समधला फोन वाजला. स्क्रीनवर मुलाचं नाव. तो सकाळी कधीच फोन करत नाही. डोळ्यांपुढे रस्ता दिसला, मोटारसायकल दिसली, काय काय दिसलं. फोन उचलण्याची हिंमत होईना. त्या बाईनंच माझ्या हातातून तो घेतला, बटण दाबलं आणि माझ्या कानाला लावला.

"आई, बाबांनी काल रिपोर्टचं सांगितलं," तो म्हणाला. "मला काही सुचंना. आज गोळी घेतलीस का?"

बाजूला 'हर हर महादेव'चा गजर चालला होता. तो ओरडून विचारायला लागला, "आई? ऐकू येतंय का? गोळी घेतलीस का?"

"घेतली," मी म्हटलं. "आत्ताच. पाण्याबरोबर." आणि मग मी त्या गर्दीत हमसून हमसून रडले. तो तिकडे घाबरला, की आईला झालं तरी काय. ढाबेवाली बाई फोनवर त्यालाच ओरडली, "कायबी झालं न्हाई रं, आई ठीक हाय तुझी, तू नाष्टा कर!"

परळीला शिवलिंगाला हात लावून दर्शन घेता येतं. थंड, ओल्या दगडावर मी तळवा ठेवला. मागायचं बरंच काही ठरवून आले होते, त्यातलं एकही आठवलं नाही. बाहेर ह्यांनी विचारलं, "काय मागितलंस?" "काहीच नाही." "अगं, इतक्या लांब येऊन?" त्यांना वाटलं मला भोवळ आली असावी. उसाचा रस पाजायला निघाले, तर मी म्हटलं, थांबा, अजून तास व्हायचाय.

पुढच्या वेळी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, मग हसले, आणि कॅल्शियमची गोळी रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला सांगितली. आकडा हळूहळू उतरला, पुढे तर गोळीचा जोर कमी करावा लागला. वजन फारसं हललेलं नाही, पण आता मी पुलावर न बसता पार पुढच्या फाट्यापर्यंत जाऊन येते. भजनात पुन्हा पहिली ओळ धरते, वरची पट्टी मात्र सोडून दिली. सकाळी उठल्यावर आधी गोळी आणि पाणी. मग झाडलोट, आंघोळ, पूजा होईपर्यंत तास निघून जातो आणि त्यानंतर तीर्थ. मैत्रिणी म्हणतात, त्या बाईच्या रूपानं देवच आला होता. मला माहीत नाही. आम्ही नंतर तिच्या ढाब्यावर पिठलं-भाकरी खाल्ली. देव इतकं तिखट पिठलं करत असेल असं वाटत नाही. पण तिला माझ्यापुढच्या जागेवर उभं कुणी केलं, हा प्रश्न मी सोडवत बसत नाही. नुसते हात जोडते.

पहिले काही महिने पाण्याचा घोट घेताना काळजात धस्स व्हायचं. अजूनही एखाद्या दिवशी होतं. कुणी म्हणेल मी नवस मोडला, आणि ते खरंच आहे. पण त्या रांगेत डोळे मिटून पाणी प्यायले तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा देवावर विश्वास ठेवला. त्याआधीची सगळी वर्षं मी त्याला नुसती भीत होते.