उणेमारे सरांची कमान

सरांचं खरं आडनाव शाळेच्या हजेरीपटाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. वर्गसमीकरणाची दोन उत्तरं निघाली, की उणे उत्तरावर ते खडूने फुली मारत. "वय उणे असतं का? शेताची लांबी उणे असते का? हाकला त्याला." पोरांनी नाव ठेवलं उणेमारे.

निवृत्तीनंतर सरांना घर खायला उठलं. मुलीचं लोखंडी कामाचं वर्कशॉप होतं. काहीतरी काम दे म्हणून ते रोज तिच्या मागे लागत. शेवटी तिने एका दवाखान्याच्या दारापुढच्या कमानीचं समीकरण त्यांना दिलं: य = ६ + क्ष − क्ष². दारावरच्या दिव्याच्या बरोबर खाली शून्य, तिथे कमान सहा फूट उंच. तिचे पाय जमिनीला कुठे टेकतात ते काढा, गवंडी तिथे खड्डे घेईल. खरं तर टेप लावला असता तरी भागलं असतं. पण बाप खूश होतोय तर होऊ दे, म्हणाली.

सरांनी य शून्य धरला, अवयव पाडले. उत्तरं आली तीन आणि उणे दोन. जित्याची खोड ती. उणे दोनवर फुली पडली. एक पाय उजवीकडे तीन फुटांवर आणि दुसरा अर्थातच मोजणी सुरू होते त्या शून्यावर, असं त्यांनी गवंड्याला छातीठोक सांगितलं. शून्य ऐन दाराच्या तोंडाशी येतंय, हे गवंड्याला खटकलं. पण सरांच्या वर्गात त्याने लहानपणी छड्या खाल्ल्या होत्या. तो मुकाट्याने खणायला बसला.

दुसऱ्या दिवशी कमान आली. उजवा पाय खड्ड्यात चपखल बसला. डावा शून्याच्या दोन फूट पलीकडे, धडधाकट फरशीवर. दारातल्या खड्ड्यात डॉक्टरीणबाई पडता पडता वाचल्या.

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता पोरगी आपल्याला कशाला हात लावू देणार नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं. मुलगी हसली नाही. तिने खिशातला खडू पुढे केला. "बाबा, तो उणे दोन कुठे गेला नव्हता. डावीकडे उभा होता."

सर गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि डावीकडे दोन फुटांवर त्यांनी फुली मारली.

गवंडी छिन्नी घेऊन थबकला. "सर, ही फुली खोडायची का खणायची?"

"खण बाबा," सर म्हणाले.

संध्याकाळी मुलीने दुसऱ्या कमानीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. सरांनी दोन्ही उत्तरं लिहिली. उणे असलेलं आधी.