शेवटच्या सीटवरचा माणूस

आमच्या उदगीरच्या थोरल्या साडूंनी जन्मात एकही सहल केली नाही, पण सहल कंपन्यांची त्यांच्याइतकी झडती अख्ख्या मराठवाड्यात कुणी घेतली नसेल. हयात मोंढ्यात, धान्याच्या बाजारात गेलेली. पोत्याच्या तोंडचा माल चांगलाच असतो, म्हणून परखीची लोखंडी नळी खुपसून तळातली तूर काढून बघायची, हा त्यांचा शिरस्ता. तोच त्यांनी सहलींना लावला. अक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, गुडघे साथ देतायत तोवर बोधगया बघायची होती. कुठं जाहिरात दिसली की साडू पहिल्या गाडीनं नांदेडला आमच्याकडं हजर. अर्धा चहा तसाच ठेवून मला स्कूटर काढायला लावायचे आणि ऑफिसात उभ्याउभ्याच विचारायचे, "फोटू नका दाखवू. मागल्या खेपेला शेवटच्या सीटवर कोन व्हतं, त्याचं गाव सांगा."

गाव कळलं की आमची वरात तिकडं. भोकरच्या एका गुरुजींनी कंपनीची तोंडभरून तारीफ केली. बाहेर येताच साडू म्हणाले, "येवढं ग्वाड कोन बोलतंय? मालकाचा सोयरा असंल." अर्धापूरच्या मावशी म्हणाल्या, वरण गार होतं. "बगा पाव्हणं, तक्रार हाय!" अशानं पास कोण होणार? पण मला हसायची सोय नव्हती. मी गुळगुळीत कागदावरचा बर्फ बघून काश्मीरला नावं नोंदवली होती, आणि निघायच्या दिवशी त्या ऑफिसात रसवंती सुरू झालेली. बायकोनं तिथंच मला एक ग्लास रस पाजला.

तीन हिवाळे असे गेले. अक्का आता एकेक पायरी थांबून चढायच्या. यंदा त्यांनी विहारातल्या बायकांबरोबर नाव दिलं, तेही साडूंनी दोनदा नापास केलेल्या कंपनीत. "चला की तुमीबी," त्या म्हणाल्या. "माझा तपास पुरा न्हाई," साडू म्हणाले.

निघताना त्यांनी बसला दोन फेऱ्या मारल्या, टायरला लाथ घातली, स्वयंपाक्याचं गाव विचारलं. मग खिडकीशी आले. "अगं, शेवटची सीट हाय. हाडं खिळखिळी व्हतील."

"बरंच हाय की. आल्यावर मलाच इचारा."

पाचव्या दिवशी अक्कांशी बोलून साडूंनी मला फोन केला. अक्का बोधिवृक्षाखाली बसल्या होत्या म्हणे, लई वेळ, उठतच नव्हत्या.

"आणि कंपनी कशी निघाली?" मी विचारलं.

"ते इचारायचंच राहिलं, पाव्हणं. तुझ्या शेजारची सीट रिकामी हाय का, तेवढंच तिला इचारलं." मग म्हणाले, "भरलेली हाय म्हनली."