रस्त्यापलीकडचे दत्त महाराज

काचबिंदूने माझी दृष्टी गेली तेव्हा मी इतकी खचले नाही, जितकी यजमान गेल्यावर खचले. विश्रामबागेत आमच्या घरासमोरच मिरजेचा मोठा रस्ता आणि पलीकडे दत्ताचे देऊळ. दर गुरुवारी ते मला हाताला धरून आरतीला नेत आणि देव कसा दिसतोय ते सांगत. त्यांच्यामागे आरती मी अंगणातूनच ऐकू लागले. घरात जाऊबाई होत्या, पण 'मला देवळात न्या' असे त्यांना तरी किती वेळा म्हणायचे! जीव मात्र तिकडेच ओढ घेई.

एका गुरुवारी न राहवून मी एकटीच काठी घेऊन निघाले. रस्त्यावर पाऊल टाकले आणि एक ट्रक इतक्या जवळून गेला की पदर फडफडला. कशीबशी मागे सरून मी कडेच्या दगडावर बसले. रडू आवरेना. 'देवा, तुझ्या दारी यायचे तरी कसे?' एवढेच मनात येत होते.

तेवढ्यात खांद्यावर एक खरबरीत हात पडला. "बाई, पल्याड जायाचं हाय का?" आवाज बाईचाच होता.

मी "हो" म्हटले.

"मोठ्यानं बोला, मला ऐकू येत न्हाई. पलूसची हाय मी, लेकीकडं आलीया. मागनं गाडी आली तर कळतच न्हाई बगा. मगाशीच डायवरनं शिव्या दिल्या. आसं करू, मी बगती, तुमी ऐका."

एकमेकींचा हात घट्ट धरून आम्ही निघालो. मध्येच उलट्या दिशेने फटफटीचा आवाज आला, तशी मी तिला मागे ओढले. फटफटी सर्रकन पुढून गेली. "वाचवलंसा गं बाई!" ती म्हणाली. पुढे खड्डा आला तेव्हा तिने मला सावरले.

देवळात ती माझ्या कानाशी सांगत होती, "पिवळी शेवंती वाह्यलीया. लय गोड दिसतोय." कित्येक महिन्यांनी मला देव दिसला. आरतीच्या गर्दीत तिचा हात कधी सुटला, कळले नाही. हाका तरी कशा मारणार? तिला त्या ऐकू जाणार नव्हत्या, आणि नाव विचारायचे राहूनच गेले होते.

ती पुन्हा भेटली नाही. कुणी म्हणतात, महाराजच आले होते. मला वाद घालायचा नाही. त्या खरबरीत हाताची आठवण आली की अजून जीव कासावीस होतो. पण आता मी रस्त्याच्या कडेला उभी राहून संकोच न करता मोठ्याने विचारते, "कुणी पलीकडे येतंय का?" जो हात पुढे येतो, तो महाराजांनीच पाठवला असे समजून धरते आणि निश्चिंतपणे पाऊल उचलते.