रिकाम्या एंटरचं खापर

"ऑपरेटरची चूक आहे. लॉगमध्ये सरळ दिसतंय," पुण्याहून आलेला सॉफ्टवेअर कंपनीचा इंजिनिअर म्हणाला. डेअरीच्या मॅनेजरांनी मान डोलावली. गेटवरच्या ऑपरेटरला, संगीताला, त्याच दिवशी सस्पेंड करायचं ठरलं होतं. रिटायर होईपर्यंत तिथला कॉम्प्युटर विभाग मी सांभाळला, म्हणून माझं मत विचारायला बोलावलं होतं. निकाल लावून मग मत विचारतात, याचाच मला पहिला संताप आला.

मुलांनो, झालं होतं असं. संगमनेरला आमच्या डेअरीच्या गेटवर टँकरमधलं दूध तपासतात. आंबट निघालं, की संगीता काळ्या स्क्रीनवर 'रिजेक्ट' टाइप करते. गेटवर लाल दिवा लागतो आणि तिथे उभी असलेली गाडी परत फिरते. आपण ठरवलेल्या शब्दांवर चालणाऱ्या अशा स्क्रीनला शेल म्हणतात. शेल बनवायला आयता कोड मिळतो, ती लायब्ररी. त्या दिवशी, नव्या सॉफ्टवेअरवर पहिल्यांदाच, एक टँकर रिजेक्ट झाला. पण त्याच्यामागचा, शेजारच्या अकोले तालुक्यातला टँकरही न तपासताच परत गेला. लॉगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या नोंदीत, 'रिजेक्ट' दोनदा दिसत होतं. चांगलं दूध उन्हात नासलं.

मी संगीताला विचारलं.

"म्या दुसऱ्यांदा रिजेक्ट मारलंच न्हाई, मॅडम. गाडी बदलली की आमी समदे एंटर मारून स्क्रीन वर सरकवतो. जुन्या गाडीचं काई दिसाया नको म्हनून. मंग नमुना घ्याया वळले."

"आणि याआधी असं काही झालं?"

"पावत्या दोन-दोनदा निघायच्या. सांगितलं हुतं की! तर म्हनले, प्रिंटर बिघडलाय."

मी टेस्टच्या कॉम्प्युटरवर 'प्रिंट' टाइप केलं. एक पावती आली. मग काहीही न लिहिता नुसतं एंटर दाबलं. दुसरी आली.

इंजिनिअर हसला. "काकू, ते लायब्ररीचं फीचर आहे. रिकामं एंटर दाबलं, की आधीची कमांड पुन्हा चालते."

"मी इथे कामावर आले आहे, काकू म्हणू नका. हे फीचर तुम्हाला माहीत होतं?"

"डॉक्युमेंटेशनमध्ये आहे ना."

"तुम्ही वाचलं होतं?"

त्याने लॅपटॉप पुढे ओढला. ते फीचर बंद करायला कोडच्या दोन ओळी पुरतात. त्या त्याने माझ्यासमोर, पाच मिनिटांत लिहिल्या.

मॅनेजर म्हणाले, "बरं, सस्पेंड नको. पण तिला लेखी ताकीद देऊ."

"कशाबद्दल?"

"एंटर मारल्याबद्दल."

माझा आवाज चढला. "मग तसंच लिहा. संगीताबाईंनी कीबोर्डवरचं बटण दाबलं, असं लिहा आणि खाली तुमची सही करा. टँकर परत जाण्याचं खरं कारण मी लिहून संचालकांकडे देते."

ताकीद निघाली नाही. दुसऱ्या दिवशी संगीता ड्युटीवर होती. कंपनीने पुढच्या मेलमध्ये या दुरुस्तीला 'सुधारणा' म्हटलं. संगीताची माफी मात्र कोणीच मागितली नाही.

आयतं सामान जरूर वापरा. पण ते न सांगता काय काय करतं, हे वाचायची जबाबदारी ते बसवणाऱ्याची असते, वापरणाऱ्याची नव्हे.