पोरीच्या नकाशातला माळ

माझी पोरगी जंगलाचे नकाशे करते. कॉम्प्युटरवर. गावात हे सांगितलं की लोक हसायचे. माझा चुलतभाऊ तर पारावर सगळ्यांदेखत म्हणायचा, "परभणी जिल्ह्यात जंगल हाय कुठं? चार पळस आन् दोन बोरी. त्याचा काय नकाशा करायलीय ती?" मी तिसरी शिकलेला माणूस, मला नीट उत्तर ठाऊक नव्हतं, पण उत्तर ठाऊक नाही म्हणून मी गप्प बसलो, असं कधी झालं नाही. म्हणायचो, "थोडं उरलंय म्हणूनच मोजावं लागतं. तुझ्या टाळूवर हात फिरवून बघ." तो टकला आहे.

आम्ही मेंढरं राखणारी माणसं. पोरगी परभणीला बी.एस्सी. झाली, मग संभाजीनगरला नकाशाचा कोर्स केला. तिच्या फीपायी माझा कळप अर्ध्यावर आला. त्याचं मला काही नाही. मेंढरं अडीनडीला मोडण्यासाठीच असतात. आधी ती पुण्याला एका कंपनीत परमुलखातले रस्ते रेघत बसायची. डोळे चुरचुरायचे म्हणून आईला फोन करायची, मला नाही. मग जंगलाच्या कामावर लागली. कंत्राटी. दरसाल साहेबाची सही झाली तर पुढं, नाही तर घरी. नकाशा हिनं करायचा आणि मीटिंगीत उभं राहून दाखवायचा दुसऱ्यानं, असं तिथलं चालायचं. पण टिकली. जिद्द माझी घेतली तिनं.

एका उन्हाळ्यात ती कामानं आमच्याच शिवारात आली. आभाळातून काढलेल्या फोटोवर कॉम्प्युटर रंग भरतो, आणि तो रंग खरा की खोटा ते बघायला माणसाला जागेवर जावं लागतं, असं तिचं काम. चारठाण्याकडून जीप आली. पुढच्या सीटवरून पोरगी उतरली. डोईला रुमाल, पायात बूट. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, आधी पाणी घ्या." मी मेंढरांत उभा होतो. हाक मारली नाही. मला तिला जरा लांबून बघायचं होतं.

ती हातातल्या यंत्राकडं बघत चढण चढली आणि नेमकी आमच्या माळावर येऊन थांबली. तो माळ जंगलखात्याचा, पण माझ्या आज्यापासून मेंढरं तिथंच चरत आली. पाऊसकाळात गुडघ्याएवढं गवत. उन्हाळ्यात ते वाळून मातीच्या रंगाचं होतं, लांबून बघणाऱ्याला वाटावं इथं काहीच नाही. पण मेंढरू त्यावरच जगतं.

"काय लिव्हलंस?" मी जवळ जाऊन विचारलं.

"पडीक."

"पडीक? मग ही काय दगडं खायलीत व्हय?"

"आबा, मला दिसतंय की. पण यादीत पाचच रंग हायेत. जंगल, शेती, पाणी, वस्ती आन् पडीक. गवताला रंगच न्हाई."

ड्रायव्हर हसला. मी त्याच्याकडं बघितल्यावर थांबला.

संध्याकाळी ती घरी जेवायला थांबली. भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "जे पडीक लिव्हलं जातंय तिथं ह्या पावसात झाडं लावणार हायेत. तार येणार. चराई बंद."

तिच्या आईनं तवा उतरवला. "मग लिवू नको ना बाई पडीक."

"खाली शेरा मारता येतोय, हा चराईचा माळ हाय म्हणून. मी मारते. पण त्याच्या जोडीला गावातनं दरखास्त आली पायजे. दरखास्तीवर पहिला अंगठा आबांचाच लागंल, त्यांच्याबिगर बाकीचे करायचे न्हाईत."

"अंगठा न्हाई. मी सही करतो," मी म्हणालो. "आन् साहेब काय म्हणंल?"

तिनं हातातला तुकडा ताटात ठेवला.

"बापाची मेंढरं हायेत म्हणून पोरीनं शेरा मारला, असंच म्हणंल ना? आन् तुझ्या कंत्राटाची सही कधी हाय?"

"पुढच्या म्हयन्यात."

"मग मारू नको शेरा. दरखास्त बी जायची न्हाई, माझं नाव बघितलं की बोट तुझ्यावरच."

"आबा, तुमी काय खाणार?"

"ते मपलं मी बघंन. तुझ्या नोकरीवर माझ्या मेंढरांचं ओझं नको."

तिची आई मला येडं म्हणाली, हट्टी म्हणाली, आणखीही म्हणाली. पोरगी रडली नाही, तीही माझ्यासारखीच. ताटात हात धुतला आणि जीपकडं गेली.

गावात आमची मेंढरांची सात-आठ घरं. सगळे माझ्या ओट्यावर आले. मी साफ सांगितलं, कुणी कचेरीत जायचं नाही. चुलतभाऊ उठून उभा राहिला. "तुझी पोरगी साहेबीण व्हणार, आन् आमच्या मेंढरांनी काय तुझा ओटा चाटायचा?" मी म्हणालो, चाट. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नाही.

पावसाच्या आधी जेसीबी आला. माळाला आडवे चर मारले. गवताची मुळं उलटी होऊन उन्हात पडली, दोन दिवसांत पांढरी झाली. मग तार, आणि फाटकाशी फळी, फळीवर नकाशा. मी फळीजवळ गेलो. आमचा माळ एका फिकट रंगात होता, भोवती बारीक, सरळ, कुठंही न हललेली रेघ. हात चांगला आहे तिचा. हे मी कुणाला बोललो नाही.

त्यानंतरचं वर्ष रस्त्याच्या कडेनं गेलं. एका बाजूला कापूस, दुसऱ्या बाजूला डांबर. मेंढरू मान वाकडी करून कापसात तोंड घालणार, शेतकरी शिव्या देणार. शेतकऱ्याचं बरोबर, मेंढराचंही बरोबर. दोन गाडीखाली गेली. बाकीच्यांची हाडं वर आली. लावलेल्या झाडांतली थोडी जगली, बरीच वाळली. पण तार तशीच राहिली.

शेवटी कळप जिंतूरच्या बाजारात नेला. गिऱ्हाईक ठरलं, टेम्पो लागला, आणि फोन वाजला.

"आबा, पक्की झाले. आता दरसालची सही न्हाई. नागपूरला टाकलंय, पुढच्या म्हयन्यात जायाचं."

"बेस झालं," मी म्हणालो.

"मागं गलका कसला हाय? बाजारात हाव का?"

"हाव."

"कोणती आणलीत?"

"सगळीच."

तिनं फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. तिच्याकडं कुणीतरी हसत होतं, पेढे वाटत असावेत. मला तिला सांगायचं होतं की मी चूक केली नाही. आजही मला तसं वाटत नाही. पण ते शब्द फोनवर बोलायचे नव्हते, आणि समोरासमोर तर आमचं दोघांचं कधीच जमलं नाही.

"मामा!" गिऱ्हाइकानं हाक मारली. त्याचे दोन गडी मेंढरं ढकलून घामाघूम झाले होते, एकही टेम्पोच्या फळीवर पाय ठेवत नव्हतं. "अवो, तुमीच चढा की आधी. तुमच्यामागं येतील."

मी फोन तसाच खिशात घातला आणि टेम्पोत चढलो. नेहमीसारखी हाळी दिली. एकामागं एक सगळी वर आली, माझ्या पायांना अंग घासत उभी राहिली, एकानंही मागं वळून बघितलं नाही. मग त्यांच्यातून वाट काढत मला खाली उतरावं लागलं.